ठिगळाची गोष्ट: डोंगरीच्या कापडापासून मुलींच्या जॅकेटपर्यंत

आजचा विषय आहे ठिगळ.

ठिगळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं गरिबी येते. ठिगळाचा परकर घालून शाळेत गेलेल्या आणि मागच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसलेल्या बायका आपल्या प्रत्येक गटात आहेत. ठिगळ दिसू नये म्हणून किती जणींनी पदर पुढं ओढून घेतला असेल! आणि आज तालुक्याच्या दुकानात बघा. गुडघ्यावर फाटलेली, वरून ठिगळ मारलेली जीन्स धड जीन्सपेक्षा महाग विकली जाते. आपल्या मुली याला ‘स्ट्रीटवेअर’ म्हणतात, म्हणजे बाहेर हिंडताफिरताना घालायचे जीन्स, जॅकेट, टी-शर्ट असले कपडे. काही मुली तर घरीच जुनी जीन्स कापतात, जॅकेटच्या पाठीवर रंगानं चित्र काढतात, टी-शर्टला आजीच्या साडीचा काठ लावतात. आई म्हणते, ‘हे काय भिकेचे डोहाळे!’ आणि मुलगी म्हणते, ‘आई, तुला नाही कळायचं.’

आम्हाला वाटतं, यातलं बरंचसं आईलाच कळायला हवं, कारण हा इतिहास आईचाच आहे.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. मुंबईत डोंगरी नावाचा भाग आहे. त्या भागात पूर्वी जाडंभरडं सुती कापड विकलं जायचं. इंग्रज व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात गावाच्याच नावानं त्याला ‘डंगरी’ म्हणायला सुरुवात केली. कापड स्वस्त आणि दणकट. त्याचे तंबू व्हायचे, शिडं व्हायची, खलाशांचे कपडे व्हायचे. आज आपण लहान पोरांना खांद्यावर पट्टे असलेली पँट घालतो आणि तिला डंगरी म्हणतो. हा शब्द इंग्रजांच्या बोटीतून जग फिरून आपल्याकडे परत आला आहे.

जीन्सचं कापड याच जातकुळीतलं, पण वेगळं. त्याला डेनिम म्हणतात. त्याचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा धागा पांढराच ठेवतात. म्हणून कापड घासलं गेलं की वरचा निळा झिजतो आणि पांढरं दिसू लागतं. गुडघा, मांडी, खिशाची कड, जिथं वापर जास्त तिथं पांढरेपण जास्त. माणूस कुठं टेकतो, कशावर बसतो, काय उचलतो, ते सगळं जीन्सवर उमटतं.

ही पँट जन्माला आली तीसुद्धा एका बाईच्या तक्रारीतून. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रीनो नावाचं गाव आहे. तिथं जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. तो तंबू, घोड्यावर टाकायच्या झुली, गाड्यांची ताडपत्री असं जाड शिवायचा. १८७० च्या सुमाराला एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याची पँट सारखी फाटते, न फाटणारी शिवून दे, म्हणाली. डेव्हिसनं झुलींना मारायचे तांब्याचे रिव्हेट घेतले आणि खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. पँट टिकली आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. शोधाचा सरकारी हक्क, म्हणजे पेटंट, काढायला डेव्हिसपाशी पैसे नव्हते. तेव्हा ज्याच्याकडून तो कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉस नावाच्या व्यापाऱ्याला त्यानं भागीत घेतलं. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं.

पुढं काय झालं ते लक्षात ठेवा. पँट लेव्हीच्या नावानं जगभर गेली. डेव्हिसचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. आणि जिच्या तक्रारीतून हे सारं सुरू झालं, ती इतिहासात ‘लाकूडतोड्याची बायको’ एवढीच उरली. खास बायकांसाठी जीन्स काढायला त्याच कंपनीला १९३४ साल उजाडावं लागलं.

आता ठिगळाकडं येऊ. ठिगळ लाजेचं की मानाचं, हे कापडावर ठरत नाही, काळावर ठरतं. दुसऱ्या महायुद्धाचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं. पैसे असले तरी कूपन संपलं की कपडा मिळत नसे, आणि हे १९४९ पर्यंत चाललं. १९४३ मध्ये तिथल्या सरकारनं बायकांसाठी एक पुस्तिकाच काढली. लढाईवर गेलेल्या नवऱ्याच्या सुटातून स्वतःचा पोशाख कसा करायचा, कोपराला ठिगळ कसं लावायचं, स्वेटर उसवून लोकर पुन्हा कशी वापरायची, असं सारं तिच्यात होतं. ठिगळ लावणं म्हणजे देशसेवा झाली. त्याच १९४३ मध्ये आपल्याकडे कापडावर सरकारी नियंत्रण आलं. जुन्या बायकांच्या तोंडी ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द असायचा, तो तेव्हाचा. इथं मात्र कुणी पुस्तिका काढून शिकवण्याची गरज नव्हती. आपल्या आज्यांना ते येतच होतं.

त्यांना काय काय येत होतं, ते एकदा मोजू या. लुगडं मध्ये विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा, दोन्ही टोकांचे धड तुकडे जोडायचे आणि ते दंड घातलेलं लुगडं आणखी दोन वर्षं नेसायचं. ते अगदीच जुनं झालं की मऊ भागाची बाळासाठी झबली-टोपडी आणि कुंची. उरलेल्याची दुपटी. त्यातूनही उरेल त्याची गोधडी, कुठं तिला वाकळ म्हणतात. थरावर थर घालायचे, कडेनं धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं. शेवटी चिंध्या उरायच्या, त्यांचं पायपुसणं आणि पोतेरं. धड कपडे असतील तर बोहारणीला देऊन घासाघीस करून एखादं पातेलं. कापडाचा एक धागा वाया जात नव्हता. आज शहरांत यालाच ‘अपसायकलिंग’ म्हणतात आणि पैसे घेऊन शिकवतात.

आणि आपल्या महाराष्ट्रात ठिगळाला मान देणारा माणूसही झाला. गाडगेबाबा! १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले, १९५६ मध्ये गेलेले. अंगात रंगीबेरंगी चिंध्या जोडून केलेला कपडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि गाडगं. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडेबुवा म्हणत. ज्या माणसाला रोज नवं धोतर देणारे भक्त गावोगावी होते, त्यानं ठिगळं निवडली. त्यांना पाहिल्यावरच लोकांना कळायचं की हा माणूस कुणाच्या बाजूचा आहे. रस्त्यावर घालून फिरायच्या कपड्यातून आपलं म्हणणं सांगायचं, हे आपल्याला मुंबई-पुण्याच्या पोरांनी शिकवलेलं नाही.

मग मुलींचं हे स्ट्रीटवेअर आलं कुठून? त्याची एक मोठी मुळी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात आहे, ब्रॉन्क्स नावाच्या गरीब वस्तीत. तिथं जमैकाहून आलेलं कॅम्पबेल नावाचं एक कुटुंब राहायचं. घरातली मुलगी सिंडी. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते. तिनं काय केलं? ११ ऑगस्ट १९७३ रोजी आपल्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला, हातानं लिहून चिठ्ठ्या वाटल्या आणि तिकीट लावलं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला भावाला उभं केलं. हा भाऊ पुढं डीजे कूल हर्क म्हणून गाजला आणि त्या रात्रीला हिप-हॉप संगीताचा जन्मदिवस मानतात. आपली मुलं मोबाईलवर जे रॅप ऐकतात त्याचं हे मूळ. भावाचं नाव झालं, पण तिकीट, हॉल, चिठ्ठ्या हा सगळा हिशोब सिंडीचा होता. बचत गटातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

त्या वस्तीतल्या पोरांकडे महागडे कपडे घ्यायला पैसे नव्हते, पण उठून दिसायची हौस होती. म्हणून ती साध्या टी-शर्टवर इस्त्रीनं अक्षरं चिकटवायची, डेनिम जॅकेटच्या पाठीवर स्वतःचं नाव रंगवायची, बुटांच्या नाड्या ताणून इस्त्री करून रुंद करायची. एकसारख्या गिरणीच्या कपड्यातून ‘हा माझा’ म्हणता येईल असा कपडा करायचा, एवढंच ते होतं.

जवळच्याच हार्लेम वस्तीत डॅनियल डे नावाच्या माणसानं १९८२ मध्ये दुकान काढलं. लोक त्याला डॅपर डॅन म्हणतात. तो मोठमोठ्या युरोपी कंपन्यांची चिन्हं चामड्यावर छापून गायकांना, खेळाडूंना जॅकेटं शिवून द्यायचा. कंपन्यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि १९९२ मध्ये दुकान बंद झालं. पण गंमत पुढं आहे. २०१७ मध्ये त्यांच्यापैकीच गुची या कंपनीनं एक जॅकेट दाखवलं, ते डॅननं १९८९ मध्ये एका धावपटू बाईसाठी शिवलेल्या जॅकेटसारखं होतं. लोकांनी ओरड केली. मग कंपनीनं त्याच्याशी हात मिळवला आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याचं काम पुन्हा सुरू झालं. यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. दुसऱ्याचं चिन्ह आपल्या कपड्यावर छापू नये. आपल्याकडेही १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा आहे आणि नोटीस आली तर गट उठून जाईल. आणि दुसरी गोष्ट, स्वतःचं नाव घातल्याशिवाय माल बाहेर जाऊ देऊ नये.

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुक्काम. अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात, गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या लोकांची लेकरंबाळं तिथं राहतात. पेटवे नावाच्या मळेवाल्याच्या मळ्यावर त्यांचे पूर्वज होते, म्हणून अर्ध्या गावाचं आडनाव पेटवे. घरं फळ्यांची, थंडी झोंबणारी. बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, अगदी आपल्यासारख्या. शेतातल्या झिजलेल्या जीन्स उसवून, फाडून, जोडून. खिसा काढला की त्याखालचं कापड गडद निळं राहतं. तो गडद चौकोन त्या मुद्दाम तसाच ठेवायच्या.

तिथल्या मिझुरी पेटवे यांचा नवरा गेला तेव्हा, १९४२ मध्ये, त्यांनी त्याच्या कामाच्या कपड्यांची एक गोधडी केली. त्याची आठवण म्हणून आणि त्याच्या उबेत निजायला मिळावं म्हणून. मैत्रिणींनो, आईच्या लुगड्याची गोधडी ट्रंकेत जपून ठेवलेली आपल्यात कितीतरी जणी आहेत. त्यांना यापुढं काही सांगायची गरज नाही.

१९६० च्या दशकात या भागातले काळे लोक मतदानाच्या हक्कासाठी उभे राहिले. गीज बेंडहून तालुक्याच्या गावी जायची नावच बंद केली गेली. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून कुणाची शेती गेली, कुणाचं घर. अशा वेळी, १९६६ मध्ये, या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली. फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या एका पाद्र्यानं त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कला नेऊन लिलावात विकल्या होत्या, त्या पैशातून ही सुरुवात झाली. १९७२ मध्ये सिअर्स या मोठ्या दुकानाकडून त्यांना उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. कापड दुकानाचं, माप दुकानाचं, सगळे अभ्रे एकसारखे. पैसा आला, घरं सावरली. पण हातातली कला त्या अभ्र्यात नव्हती. उरलेलं कॉर्डुरॉय बायका घरी न्यायच्या आणि आपल्या मनासारखी गोधडी तिथं शिवायच्या.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयानं गीज बेंडच्या गोधड्या भिंतीवर चित्रांसारख्या लावल्या. २००६ मध्ये त्यांच्यावर अमेरिकेची टपाल तिकिटं निघाली. ज्या चिंध्या थंडी वारायला जोडल्या होत्या त्यांना आता मोठं मोल आलं. आणि पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, तिथल्या काही बायकांना कोर्टात जावं लागलं. आमच्या कामावर पैसा होतोय, आमचा वाटा मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ते प्रकरण नंतर आपसात मिटलं. पण जगभर नाव झालेल्या बायकांनाही हिशोबासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, हे आपण गाठीशी बांधून ठेवायचं.

हे सगळं आज सांगायचं कारण असं. आमच्या गटांपुढं सध्या एक प्रश्न आहे. शहरातल्या एका व्यापाऱ्यानं आमच्या बायकांचं गोधडीकाम पाहिलं. जुन्या जीन्स आणि जॅकेटांवर तसं काम करून द्या, डझनाच्या भावानं घेतो, लेबल आम्ही लावू, असं त्याचं म्हणणं आहे. काहीजणी म्हणतात, घरबसल्या पैसा येतोय, नाही कशाला म्हणायचं? काहीजणी म्हणतात, डझनात किती हात राबणार ते आधी मोजा. दोघींचंही खरं आहे. पोराच्या शाळेची फी तोंडावर असली की डझनाचा भावही गोड लागतो, हे आम्हाला माहीत आहे.

म्हणून आम्ही असं ठरवलं की उत्तर द्यायच्या आधी स्वतःचं एकेक जॅकेट करून बघायचं आणि वेळ लिहायचा. तुम्हीही करून बघा. कृती साधी आहे. घरातली जुनी जीन्स किंवा डेनिम जॅकेट घ्या, धुऊन वाळवा. फाटलेल्या भागापेक्षा दोन बोटं मोठं ठिगळ कापा. ठिगळाचं कापड धुतलेलं, जुनं असावं. नवं कापड धुतल्यावर आटतं आणि चुण्या पडतात. खण किंवा काठ लावायचा असेल तर आधी वेगळा भिजवून रंग जातो का ते बघा. ठिगळ आतून ठेवा, कच्चे टाके घाला, मग वरून अर्ध्या बोटाच्या अंतरानं धावदोऱ्याच्या ओळी घाला. दोरा ओढू नका, नाहीतर गुडघ्यावर बोळा होतो. मशीनवर शिवायचं तर १६ नंबरची सुई लावा, शिवणीवर थर जाड असतील तिथं १८. बारीक सुई मोडते आणि डोळ्याला धोका असतो. टी-शर्टचं कापड ताणतं, त्याला हातशिलाईच बरी. पाठीवर काय काढायचं ते मुलीला ठरवू द्या, टाका कसा घालायचा ते आजीला. दोघी एका चटईवर बसतील, हा फायदा वेगळाच.

मग वहीत लिहा. सामान किती रुपयांचं, तास किती, हात कुणाचे. समजा एका जॅकेटला नऊ तास लागले. नऊ तासांची आपल्या गावची शेतमजुरी किती, ती मांडा. त्यात दोरा, वीज, जाण्यायेण्याचा खर्च घाला. आता व्यापाऱ्याचा भाव शेजारी लिहा. जो आकडा दिसेल तो कुणाच्याही भाषणापेक्षा खरं बोलेल. भाव मजुरीच्या खाली असेल तर ते काम म्हणजे आपल्या आजीनं शिकवलेली कला पदराला खार लावून विकणं आहे. वर असेल तर जरूर घ्या, पण दोन अटी घाला. आतल्या बाजूला गटाच्या नावाची कापडी पट्टी राहील, आणि शिवणारीचं नाव आमच्या वहीत राहील. व्यापाऱ्याला पट्टी नको असेल तर त्याचं कारण त्याला विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

लाकूडतोड्याच्या बायकोचं नाव कुणी लिहिलं नाही. सिंडीचं नाव उशिरा लिहिलं गेलं. मिझुरीचं नाव राहिलं, कारण तिच्या लेकीनं ती गोष्ट सांगितली. आपल्या घरातल्या गोधड्यांवर कुणाचंच नाव नाही.

तेव्हा पुढच्या मासिक सभेला प्रत्येकीनं घरातली सगळ्यात जुनी गोधडी घेऊन यायचं. ती कुणी शिवली, कुठल्या लुगड्याची आहे, कोणत्या साली, कुणाच्या बाळंतपणाला, जे आठवेल ते सांगायचं. सचिव ताई ते वहीत उतरून घेतील आणि ज्या मुलींचं अक्षर चांगलं आहे त्या पट्टीवर नाव भरतील. हप्त्याचा हिशोब नेहमीप्रमाणे आधी होईल, गोधड्या नंतर उघडू. सुया आणि दोरे घेऊन या.